बेंबीतली नळी आणि खिशातला बिबा

जाहीर सूचना! अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा, अमरावती आणि या रेल्वेच्या दोन्ही अंगांना राहणाऱ्या समस्त आया, बाप, आज्या, आत्या आणि विनाकारण दवाखान्यात डोकावणारे पाहुणे यांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, कुमारी सुजाता, जिच्या बेंबीतून नळी घालून जन्माच्या दुसऱ्याच दिवशी अंगातलं बहुतेक सगळं रक्त बदलण्यात आलं होतं, ती आज सकाळी तिच्या बापाचा चष्मा घेऊन फरार झाली आहे. शोधून देणाऱ्यास बक्षीस नाही. चष्मा मात्र परत हवा, कारण बापाला पुढचं लिहायचं आहे.

ही सूचना मी घरात उभं राहून, एक हात छातीवर ठेवून म्हणून दाखवली. माझी बायको सुभद्रा तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "लिवा. पण खरं लिवा. तुमाले नाटकाची सवय हाये."

खरं लिहायचं तर लाजेचं लिहावं लागेल. लेकराच्या आजारात भीती वाटते, रडू येतं, हे सगळ्यांना माहीत असतं आणि लोक त्याबद्दल बोलतातही. लाज वाटते हे कोणी सांगत नाही. ज्यांचं लेकरू आज कुठल्यातरी दवाखान्यात नळ्या लावून पडलं असेल त्यांच्यासाठी मी हे लिहितो आहे. औषधांची नावं डॉक्टर सांगतील. मी फक्त माझी फजिती सांगणार आहे, आणि ती वाचून तुम्ही शहाणे झालात तर मला फार आनंद होईल.

हळद

मी अकोल्याला कचेरीत कारकून. सुभद्रेचं माहेर अमरावतीचं, म्हणून बाळंतपणाला ती तिकडे गेली होती. थोरला मिलिंद अगदी सुखरूप झाला होता, त्यामुळे दुसऱ्या खेपेची कोणाला धास्ती नव्हती. मुलगी झाल्याची तार आली तसा मी बर्फीचा पुडा घेऊन गाडीत बसलो आणि बडनेऱ्याला गाडी बदलेपर्यंत अर्ध्या डब्याला बर्फी वाटली. वाटताना प्रत्येकाला सांगत होतो, "महाराणीचं आगमन झालं आहे. तोंड गोड करा, नाहीतर राजद्रोह होईल."

अशा थाटात दवाखान्यात शिरलो. थोरल्या सिस्टरनी कापडात गुंडाळलेलं लेकरू माझ्यासमोर धरलं. पिवळंधमक! डोळ्यांची बुबुळं सोडली तर सगळं पिवळं. मी सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "वा! लग्नाच्या आधीच हळद लागली की आमच्या लेकीला!"

कोणीही हसलं नाही. सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं, मग लेकराकडे पाहिलं, आणि शांतपणे म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब तुमची वाट पाहून राहिले."

नंतर कितीतरी वेळ ते वाक्य माझ्या कानात वाजत होतं. सिस्टरचं नव्हे, माझं.

डॉक्टर तरुण होते. मुंबईत वाढलेले, तिकडेच शिकून नुकतेच आमच्याकडे आलेले. सुभद्रेच्या खाटेशी उभे राहून त्यांनी आम्हा दोघांना समजावून सांगितलं. रक्तातला एक गुण माझ्यात आहे, सुभद्रेत नाही. लेकीनं तो माझ्याकडून घेतला. सुभद्रेच्या शरीरानं त्या रक्ताला परकं मानलं आणि ते मोडायला सुरुवात केली. मोडलेल्या रक्ताचा पिवळेपणा अंगात साचत चालला आहे. तो मेंदूला चढला तर लेकरू जाईल, किंवा राहिलं तरी लुळं आणि बहिरं राहील. त्यावर उपाय एकच, रक्त बदलणं.

या सगळ्यावर मी काय विचारावं? मी विचारलं, "म्हणजे डॉक्टर, हिचं रक्त कच्चं आहे का?"

डॉक्टर म्हणाले, "दोघांचंही रक्त उत्तम आहे. एकमेकांशी जुळत नाही एवढंच."

पण सुभद्रेनं तोवर भिंतीकडे तोंड फिरवलं होतं. संध्याकाळपर्यंत बातमी वॉर्डभर झाली. शेजारच्या खाटेवरच्या बाईला भेटायला आलेल्या बाया हळू बोलल्यासारखं करून मोठ्यानं बोलत होत्या. "आईचंच रक्त पोट्टीले खाऊन राहिलं म्हणते." "बाई बाई! असं कुटी असते काय?"

सुभद्रा मला म्हणाली, "मिलिंदच्या वक्ती माह्यं रक्त चांगलं होतं. आता काहून बिगडलं असंन?"

तेव्हा तिच्याजवळ बसून तिचा हात धरायला हवा होता. मी म्हणालो, "चहा घेऊन येतो." आणि खरंच चहा घ्यायला गेलो.

गुरुजींचं रक्त

तो गुण नसलेलं रक्त हवं होतं, आणि असं रक्त फार थोड्या माणसांत सापडतं. मी अकोल्याला तार केली ती आमच्या जलशाच्या मंडळींना.

बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर आमच्या वस्तीत आम्ही गाण्याबजावण्याचं एक मंडळ काढलं होतं. देवदेवस्की, अंगात येणं, नजर, गंडेदोरे हे सगळं कसं खोटं आहे ते गाण्यांतून आणि सोंगांतून लोकांना दाखवायचं. मूर्तिजापूर, हिवरखेड, अंजनगाव सुर्जी, बोलावतील तिथे जायचं. गाणी मोतीराम गुरुजी रचायचे. ते शाळामास्तर होते. आणि मी व्हायचो भगत! कपाळभर शेंदूर, हातात लिंबं, आणि असं घुमायचो की पुढच्या रांगेतली पोरं रडायची आणि मागच्या रांगेतल्या बाया हसून हसून पदर तोंडात कोंबायच्या.

गुरुजी मात्र हसत नसत. त्यांचं काम म्हणजे नियम. कोणाच्या दाराला काळी बाहुली दिसली की भर सभेत त्याला उभं करायचे. "दीक्षा तोंडानं घेतली काय तुमी? घराले नाही दिली काय?" मोठमोठे बाप्ये त्यांच्यासमोर खाली मान घालायचे. मीही घालायचो, आणि माझ्या दाराला तर काही टांगलेलंसुद्धा नव्हतं.

तार मिळाल्याबरोबर सगळं मंडळ पहिल्या गाडीनं अमरावतीला आलं. ढोलकीवाला देवाजी, पेटीवाला, टाळकरी, सगळे रांगेत उभे राहिले आणि एकेकाचं बोट टोचलं गेलं. माझ्या रक्ताचा उपयोग नव्हता, तरी आधी बोट मी पुढे केलं, इतरांना धीर यावा म्हणून. सुई टोचली, रक्ताचा थेंब दिसला आणि त्यानंतरचं मला आठवत नाही. देवाजीनं मला झेललं. रंगमंचावर मी कितीतरी वेळा मेलो होतो, दर वेळी टाळ्या घेऊन. हे एकच पडणं खरं होतं आणि त्याला प्रेक्षक होते ते माझ्या लेकीसाठी रक्त द्यायला आलेले.

जुळलं नेमकं गुरुजींचं. ते बाही वर करून बाकावर आडवे झाले आणि छताकडे पाहत म्हणाले, "घ्या. जो गुण नाही म्हणता तो नाही. बाकी सारे गुण हायेत."

त्यांच्या तोंडून निघालेला तो पहिलाच विनोद असावा. मी हसलो नाही. मला रडू येत होतं, आणि देवाजी अजून मला दंडाला धरूनच उभा होता.

नळी

लेकीच्या बेंबीतून डॉक्टरांनी प्लास्टिकची बारीक नळी आत सरकवली. नाळेत जी शीर असते ती जन्मल्यावर काही दिवस उघडी राहते, तिच्यातून. पिचकारीनं थोडं रक्त बाहेर काढायचं, तेवढंच गुरुजींचं आत सोडायचं, पुन्हा काढायचं, पुन्हा सोडायचं. दाराच्या काचेतून मला डॉक्टरांची पाठ दिसत होती आणि एक इवलं पाऊल. मी त्या पावलाकडे बघत राहिलो. ते हललं की मी श्वास घ्यायचो.

बाहेर आल्यावर डॉक्टर म्हणाले, "चांगलं झालं. पण पिवळेपणा पुन्हा चढेल असं वाटतं. रक्त परत बदलावं लागेल, म्हणून नळी आतच ठेवली आहे. आता तिलाच जपायचं. ती थेट काळजाच्या वाटेवर आहे. सटकली तर रक्त जाईल, गुठळी झाली तर ती आत सरकेल, आणि तिच्या तोंडाशी घाण लागली तर ती सरळ रक्तात जाईल. हात धुतल्याशिवाय जवळ जायचं नाही. बाहेरचं काहीही लावायचं नाही."

"काहीही नाही," मी म्हणालो. हे मी अगदी ठासून म्हणालो.

मग आमचे दिवस सुरू झाले. दिवा लावून ऊबदार ठेवलेल्या लाकडी पेटीत लेक पडलेली. सकाळी आणि संध्याकाळी आईबापाला आत सोडायचे. साबणानं कोपरापर्यंत हात धुवायचे, अंगात दवाखान्याचा झगा, तोंडाला फडकं. सुभद्रा वाटीत दूध काढून द्यायची आणि सिस्टर ते थेंबाथेंबानं पाजायच्या. नळीचं टोक पांढऱ्या चिकटपट्टीनं पोटाला चिकटवलेलं असायचं. सुभद्रा वाकून तिथेच बघायची, बोटभर अंतरावरून. मला ते बघवत नसे. मी पावलांकडे बघायचो आणि मोठ्यानं काहीतरी गमतीचं बोलायचो. "महाराणीचे तळवे बघा, जणू आंबा!" सुभद्रा म्हणायची, "गुपचूप ऱ्हा नं जरा."

तळवे खरंच आंब्यासारखे होते. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पिवळेपणा डोक्याकडून खाली उतरत जातो, तळव्यांपर्यंत पोचला म्हणजे फार झाला. म्हणजे मी ज्याची गंमत करत होतो तेच नेमकं धोक्याचं होतं.

माय

माझी माय हिवरखेडहून आली. तिला आत सोडत नव्हते. तिनं खिडकीच्या गजांतून नात पाहिली, बराच वेळ पाहिली, आणि मला व्हरांड्याच्या टोकाला नेलं. पदराची गाठ सोडली. आत काळा दोरा होता आणि एक बिबा.

"नजर लागली पोट्टीले," ती म्हणाली. "कमरेले बांध."

"माय, डॉक्टर काय म्हणतीन? आन् आपण शपथ घेतली नं?"

"तुह्या आधी हात वर केला होता म्या. देव नदीत सोडले, तं रडली नाही. हा काय देव हाये? बिबा हाये."

"कोणी पाह्यलं तं? गुरुजी अथीच हायेत."

माय माझ्याकडे बघत राहिली. ती शाळेत गेली नव्हती, पण वकील झाली असती तर वऱ्हाडात एकही आरोपी सुटला नसता. "तू मानतं काय याले?"

"नाही मानत."

"मंग तुह्यासाठी तं हा नुसता बिबाच हाये. बांधल्यानं तुह्यं काय जाते?"

सगळ्या गावांना हसवणाऱ्या भगताला यावर उत्तर सुचलं नाही. आता वाटतं, उत्तर सुचू नये अशीच माझी इच्छा होती. डॉक्टरांची नळी होती, गुरुजींचं रक्त होतं, पण लेक तरी पिवळीच होती. बापाच्या हातून होण्यासारखं काही उरलंच नव्हतं. बिबा निदान माझ्या हाताला काम देत होता. आणि मायला मी "हे चूक आहे" असं म्हटलं नव्हतं. "कोणी पाहिलं तर" असं म्हटलं होतं. मायनं ते बरोबर ओळखलं.

बिबा दोऱ्यात ओवायचा तर भोक पाडावं लागतं. मायच्या बांगडीला अडकवलेली पिन घेऊन मी ते पाडलं. त्यातून काळा चीक आला, तो अंगठ्यानं पुसला. संध्याकाळी आत गेल्यावर हात धुतले, नियमाप्रमाणे कोपरापर्यंत. मग झग्याच्या खिशातून ती न धुतलेली वस्तू काढली. सुभद्रेला त्या दिवशी ताप होता, ती आली नव्हती. सिस्टर पलीकडच्या लेकराला दूध पाजत होत्या. मनगटाला बांधला असता तर दिसला असता, म्हणून कमरेला बांधला आणि बिबा पट्टीच्या आड, नळीच्या शेजारी सरकवला. मी इतक्या हलक्या हातानं केलं की लेक हललीसुद्धा नाही. सोंगाड्याची हातचलाखी!

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर येण्याच्या आत मी तो सोडून खिशात टाकला. कोणी पाहिलं नाही. लेकीनं डोळे उघडल्यासारखे वाटले. मी बाहेर येऊन मायला डोळा मारला. मायनं समाधानानं तंबाखूची चिमूट तोंडात टाकली.

अंगठा

दुपारच्या आत माझा उजवा अंगठा खाजायला लागला. मग लाल झाला, मग टरारून फुगला, आणि त्यावर पाण्याचे बारीक फोड आले. आमच्याकडे लहान पोरालाही हे कळतं. बिब्याचा चीक लागला की कातडी अशी उठते. बिबा उतला असं म्हणतात.

मी अंगठ्याकडे बघत व्हरांड्यात उभा होतो. शेजारी बाकावर गुरुजी बसले होते. रक्त दिल्यापासून त्यांना थोडी चक्कर येत होती म्हणून ते अमरावतीलाच थांबले होते. त्यांच्याजवळ देवाजी होता. सुभद्रा दुधाची वाटी घेऊन आली होती. माय खांबाला टेकून खाली बसली होती. दुसऱ्या खेपेसाठी रक्ताची बाटली नागपूरहून आली होती आणि दुपारी बदलायचं ठरलं होतं. एवढ्यात डॉक्टर आतून आले, आणि त्यांच्यामागे सिस्टर.

"नळीभोवती कातडी लाल झाली आहे," डॉक्टर म्हणाले. "फोड आहेत, पाणी सुटलंय. सकाळी मी पाहिलं तेव्हा थोडी लाली होती, आता वाढली आहे. नळीला जंतू लागले असंच धरून चालावं लागेल. ती आत ठेवली तर जंतू रक्तात जातील. काढली तर आज रक्त कशातून बदलू? ती शीर पुन्हा सापडेलच असं नाही. आणि पिवळेपणा आता थांबायला तयार नाही."

सुभद्रेनं हातातली वाटी बाकावर ठेवली. "मंग आता?"

"नळी काढावी असं मला वाटतं. पण काढली तर..." डॉक्टरांनी सिस्टरकडे वळून विचारलं, "काही लावलं होतं का तिथं? पट्टी बदलताना काही चुकलं का?"

"नाही साहेब," सिस्टर म्हणाल्या. "उकळलेलं पाणी अन् स्पिरिट. दुसरं काही नाही."

"मग असं कसं झालं?"

सिस्टरचा चेहरा उतरला. याच बाई रात्रंदिवस माझ्या लेकीला थेंबाथेंबानं पाजत होत्या. डॉक्टर त्यांच्याकडे संशयानं बघत होते, आणि मी ते बघू देत होतो. अंगठा मी पाठीमागे नेला होता.

एवढ्यात गुरुजी बाकावरून उठले. "साहेब, नातेवाइकांनी काही केलं असं तुमाले वाटत असंन, तं ते मनातून काढून टाका. आमचे लोक असं काही करत नाहीत. आमी विज्ञान मानणारे लोक हौत. हे वामनराव तं गावोगाव जाऊन लोकायले हेच सांगतात."

वामनराव म्हणजे मी. देवाजीनं जोरात मान हलवली. माझ्या आयुष्यात माझी इतकी मोठी स्तुती कधी झाली नाही, आणि पाठीमागे माझा अंगठा खाजत होता. मी बोललो तर गुरुजींसमोर, मंडळासमोर, सगळ्या अकोल्यासमोर कायमचा खोटा ठरणार होतो. नाही बोललो तर नळी निघणार होती. आता लिहिताना हे तोलून पाहणंसुद्धा किळसवाणं वाटतं, कारण यात तोलण्यासारखं काय होतं? पण मी तोललं. किती वेळ, ते मला ठाऊक नाही. मायनं खांबाजवळून माझ्याकडे पाहिलं, मग मान खाली घातली. डॉक्टर वळले आणि दाराकडे निघाले.

"डॉक्टर," मी म्हणालो. माझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो अशी ख्याती आहे. तेव्हा तो माझ्या दातांच्या बाहेरही आला नाही.

"काय म्हणालात?"

मी खिशातून दोरा काढून तळहातावर ठेवला. "हे मी बांधलं होतं. नळीच्या शेजारी. काल संध्याकाळी. आज सकाळी सोडलं."

डॉक्टरांना काही समजेना. "हे काय आहे?"

"बिबा. धोबी कपड्यांवर खूण करतात नं, तो. याचा चीक लागला की कातडी उठते. जंतू नसतील साहेब. हे पाहा." आणि मी अंगठा पुढे केला.

डॉक्टरांनी माझा हात धरून उजेडात नेला. अंगठा पाहिला, उलटा करून पाहिला. सिस्टरही वाकून बघत होत्या. सगळे माझ्या अंगठ्याकडे बघत होते. नट म्हणून मी कायम प्रेक्षकांची नजर मागत आलो, पण त्या क्षणी कोणीतरी दिवा मालवावा असं वाटत होतं.

पुढचं आधी

व्हरांड्यात त्यानंतर काय झालं ते मी शेवटी सांगणार आहे. आधी लेकीचं सांगतो, कारण वाचणाऱ्या आईबापांचा जीव तिच्यात अडकला असेल.

डॉक्टरांनी नळी काढली नाही. सगळा भाग स्वच्छ करून दुपारी त्याच नळीतून दुसऱ्यांदा रक्त बदललं, आणि मग लगेच ती काढून टाकली. तळव्यांचा पिवळेपणा उतरायला लागला. पण बेंबी पिकली. लेकीला ताप आला, तिनं दूध सोडलं, आणि पेनिसिलीनची इंजेक्शनं इतक्या बारक्या मांडीत कशी देतात ते मी पाहिलं. या वेळी पावलांकडे नाही, मांडीकडेच पाहिलं. ते दिवस पिवळेपणापेक्षाही वाईट होते. बेंबी नळीमुळे पिकली की फोडांमुळे, हे मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "नळीनंही होतं, उघड्या फोडांतूनही होतं. कशानं झालं ते मी सांगू शकत नाही." मी पुन्हा विचारलं, वेगळ्या शब्दांत. पुन्हा विचारलं. माझी इच्छा होती त्यांनी "नळीनं" म्हणावं. त्यांनी म्हटलं नाही.

म्हणून वाचणाऱ्यांना सांगतो. घरून काही आणून लावलं असेल, बांधलं असेल, चाटवलं असेल, तर डॉक्टरांना सांगा. राग येईल, येऊ द्या. आणि आज्यांवर ओरडू नका. माझ्या मायनं दोरा आणला तो प्रेमानं. तो चोरून बांधला तो मी.

सिस्टरची माफी मागायला मी दुसऱ्या दिवशी गेलो. भाषण तयार केलं होतं. मी तोंड उघडताच त्या म्हणाल्या, "आधी हात धुवा." धुऊन येईपर्यंत भाषण विसरलो. मग नुसतंच म्हणालो, "चुकलं." त्या म्हणाल्या, "माझ्यावर आलं असतं, ठाऊक आहे ना?" मी म्हणालो, "ठाऊक आहे." त्यांनी माझ्या हातात दुधाची वाटी आणि चमचा दिला. लेकीला मी पाजलेलं ते पहिलं दूध.

सुभद्रेपुढे तर मी कान धरून उभा राहिलो. बिब्यावरून ती मला फाडून खाईल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "बिब्याचं जाऊ द्या. तुमी भेले होते. म्या बी भेली होती. पण डॉक्टरच्या समोर माह्या रक्ताले कच्चं काहून म्हटलं?" ते मात्र तिनं अजून पुरतं माफ केलेलं नाही. अधूनमधून भाजी बेचव झाली की ती म्हणते, "कच्च्या रक्ताची हाये नं मी." आणि मी मुकाट्यानं जेवतो.

व्हरांडा

आता परत त्या घडीला या. डॉक्टरांनी माझा अंगठा सोडला. तळहातावर दोरा तसाच होता. मी कोणाच्याही डोळ्यांत बघू शकत नव्हतो. देवाजीचे पाय दिसत होते, ते एकदा पुढे झाले आणि पुन्हा मागे गेले. गुरुजींच्या पायातल्या चपला मात्र जागच्या जागी होत्या. मला वाटलं, आता ते भर व्हरांड्यात मला उभं करतील. मी उभाच होतो. मनात मी त्यांचं सगळं भाषण ऐकून घेतलं होतं, आणि त्यातला एकही शब्द मला खोडता येत नव्हता. मंडळातून नाव काढतील, भगताचं सोंग दुसऱ्याला देतील. द्यावंच. त्या सोंगावर मी ज्यांना हसवलं त्या सगळ्या बाया आठवल्या. त्यांच्यातल्या कितीजणींची लेकरं पेटीत पडलेली असतील आणि त्या मला बघून हसल्या असतील, कोण जाणे.

डॉक्टर घाईत होते. दारात उभं राहून त्यांनी सिस्टरला पाणी, कापूस, काय काय आणायला सांगितलं. मग मागे वळून आम्हा सगळ्यांनाच विचारलं, "तुमच्याकडे हे असं झालं की काय लावतात? कोणाला माहीत आहे?"

मायनं तोंडाला पदर लावला होता. मला माहीत होतं, पण माझ्या तोंडाचा काय भरवसा? सिस्टर जाता जाता उत्तरासाठी थांबल्या. आणि मग मोतीराम गुरुजी, शब्द तोंडातून सुटल्यावर स्वतःच दचकत, पण मास्तरकीच्या खणखणीत आवाजात म्हणाले:

"खोबरेल लावा साहेब, खोबरेल! आमच्या बारक्याच्या कमरेले मागच्याच महिन्यात असाच उतला होता!"